संगप्पाबरोबर मन्याडच्या वाळूत

संगप्पा पटणे गेल्या पौषात वारला. शाळेनं शोकसभा घेतली. बोलणाऱ्यांपैकी दोघांनी त्याला निसर्गप्रेमी म्हटलं. तो निसर्गप्रेमी नव्हता. पायात बाभळीचा काटा मोडला की तो त्या झाडाच्या सात पिढ्या काढायचा आणि उन्हाला कानडीत शिव्या द्यायचा. तो शाळेचा शिपाई होता आणि पोरांना बाहेर नेऊन चालवायचा. हे काम त्यानं एकवीस वर्षं केलं, एकदाही अर्धवट सोडलं नाही.

त्यातली सहा वर्षं मी त्याच्यावर जळत होतो.

संगप्पा देगलूर तालुक्यातला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावचा. सातवी पास. आधी उमरीला जिनिंगमध्ये कापूस वाहायला होता. तिथून कंधारला आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागला. घरी बायको लक्ष्मम्मा आणि दोन मुली. घंटा देणं, वर्ग झाडणं, टाकीत पाणी भरणं ही त्याची कामं. शाळेत स्काउटचं पथक होतं, पण ते कागदावर. त्याच्या सरांचे गुडघे दुखायचे. एका रविवारी खाकी चड्ड्या घालून आलेली पोरं मैदानात नुसती उभी होती. हेडमास्तर संगप्पाला म्हणाले, "यांना जरा किल्ल्याकडं फिरवून आण."

त्यानं त्यांना किल्ल्याच्या खंदकाच्या कडेकडेनं पूर्ण वेढा घालायला लावला. पोरं दिवस मावळताना परतली. निम्म्यांच्या चड्ड्या फाटलेल्या. आयांनी शाळेत येऊन भांडण काढलं. पुढच्या रविवारी पोरं दुप्पट आली.

त्याची रीत वेगळी होती. तो पुढं चालायचा नाही, मागं चालायचा. पोरं थांबली की "नडी, नडी" म्हणायचा. कानडीत त्याचा अर्थ चला, चला. पोरांनी वाट विचारली तर म्हणायचा, "मला काय म्हाईत? मी शिपाई हाय." पोरं चुकली की तोही त्यांच्याबरोबर चुकायचा. तीन तास उलटं चालावं लागलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

मी तेव्हा यारीवर होतो. विहिरीच्या काठावर लोखंडी यारी उभी करतात. खाली फोडलेला दगड डब्यात भरला की तिच्या दोरानं वर येतो. मी खाली असायचो. पहारीनं भोक पाडायचं, सुरुंग भरायचा, वर यायचं, उडवायचा, परत उतरायचं, दगड भरायचा. सत्तर फुटांवरून आभाळ ताटाएवढं दिसतं. आठवडाभर मी कुठल्या तरी गावात जमिनीच्या पोटात आणि रविवारी घरी. नेमका रविवारी माझा मुलगा सत्यम संगप्पाबरोबर बाहेर.

सत्यम पाचवीत असताना पहिल्यांदा गेला. परत आला तो संगप्पासारखे हात मागं बांधून चालत. जेवताना संगप्पामामा, झोपताना संगप्पामामा. मामांना ढगावरून वाऱ्याची दिशा कळते. मामा अनवाणी टेकडी चढतात. मी मनात म्हणायचो, टेकडी चढून त्यानं काय आणलं? मी उतरतो तिथून गावाला पाणी मिळतं. पण माझ्या पोरानं मला विहिरीबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

घरची म्हैस बांधायलाही तो संगप्पानं शिकवलेली गाठ मारायला लागला. मी ती सोडून माझी मारायचो. सकाळी बघावं तर परत त्याची. असं महिनाभर चाललं. म्हैस तेवढी दोन्ही गाठींना नीट बांधलेली राहिली.

माझ्याबरोबर यारीवर ग्यानोबा होता. त्याची जीभ सैल. एकदा बाजारात सत्यमला चालताना बघून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेषेराव, पोरगं तुमचंच हाय नव्हं? चाल तर शिपायाची दिसून राहिली." सगळे हसले. मीही हसलो. नंतर दोन दिवस मी ग्यानोबाशी बोललो नाही, पण राग त्याच्यावर नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरात भूकंप झाला. आमच्याकडं भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. किल्लारीकडं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी मी आणि ग्यानोबा पहारी आणि दोर घेऊन तिकडं गेलो. अकरा दिवस दगड उचलले. तिथल्या भिंती दोन-दोन हात जाड, दगड आणि माती. दगड कुठून धरायचा, कुठला आधी काढायचा, हे आम्हाला कळत होतं म्हणून आमचा उपयोग झाला. त्याबद्दल यापेक्षा जास्त मी कधी सांगितलेलं नाही.

घरी आलो तर अंगणात ताडपत्रीचं पाल उभं. तेव्हा सगळं गावच भीतीनं बाहेर राहत होतं. बायको, उज्वला, म्हणाली, "संगप्पाभाऊंनी उभं केलं. पावसात भिजत. सत्यमनं खुंट्या ठोकल्या."

मी म्हणालो, "वाकडं हाय."

"वाकडं असू दे, एक थेंब आत आला न्हाई."

मी ते पाल सोडलं आणि माझ्या पद्धतीनं परत बांधलं. त्या संध्याकाळी पाऊस आला. कोपऱ्यातून पाणी आत आलं. उज्वलानं तिथं पातेलं ठेवलं. सत्यम त्या पातेल्याकडं बघत होता.

अकरा दिवस मी दुसऱ्यांच्या घरचे दगड उचलत होतो आणि माझं घर त्यानं सांभाळलं. आभार मानायला हवे होते. मी मानले नाहीत.

संगप्पाचा एक मोठा कार्यक्रम असायचा. दहावीची परीक्षा दिलेल्या पोरांना तो मे महिन्यात मन्याडच्या पात्रातून चालवायचा. धरणाच्या खालून निघायचं आणि नदी मांजरेला मिळते तिथपर्यंत जायचं. सात दिवस. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं, वाळू, दगड आणि मध्ये कुठं कुठं डोह. लहान पोरांना तो नेत नसे. म्हणून सत्यम पाचवीपासून दहावीची वाट बघत होता, पण मार्कांसाठी नाही. या सात दिवसांसाठी.

नव्व्याण्णव साली त्यानं दहावीची परीक्षा दिली. तोवर लातूरचं वेड आमच्याकडं पोचलं होतं. ज्याचं पोरगं हुशार, त्यानं लातूरला क्लासला घालायचं. निकाल लागायच्या आधीच सुट्टीतली बॅच सुरू व्हायची. तिची तारीख आणि मन्याडच्या चालीची तारीख एकाच आठवड्यात आली.

मला तारीख कळली तेव्हा बरं वाटलं. खरं ते हेच आहे. मी लोकांना म्हणालो, पोराचं शिक्षण. उज्वलाला म्हणालो, पोराचं शिक्षण. पण मला पोराला संगप्पाकडून काढून घ्यायचं होतं, आणि असं कारण मिळालं होतं की कुणाला त्याच्याविरुद्ध बोलता येणार नाही.

सत्यम वाद घालत बसला नाही. मी त्याला लातूरला सोडायला गेलो. खोलीच्या दारात तो म्हणाला, "दादा, यंदा मामांकडं किती पोरं हायत?"

"मला काय माहीत."

मला माहीत होतं. चौदा होती, क्लासमुळं तीन गळाली. अकरा राहिली.

मी परत आल्यावर संगप्पा घरी आला. उंबऱ्यावर बसला. उज्वलानं चहा दिला.

"शेषेराव, पोरगा पाच वर्षं थांबला हो."

"बारावी महत्त्वाची हाय."

"बारावी दोन वर्षांनी हाय की."

"उशिरा गेलं की मागच्या बाकावर बसवतात."

"हाव," संगप्पा बशीत चहा ओतत म्हणाला, "मागं बसून बी ऐकू येतंच."

उज्वला हसली. मला ते आवडलं नाही.

मग तो म्हणाला, "पोरगा न्हाई तर तुम्ही या."

"मी? कशाला?"

"दोर धरायला. डोहात पानी कमी, गाळ लई. एखादं पोरगं रुतलं तर? तुमच्याएवढा दोर कंधारात कुणाला कळतो?"

हे तो माझ्या बायकोसमोर म्हणाला. नाही म्हणायची सोय राहिली नाही. आणि मलाही बघायचं होतं, या माणसाकडं असं काय आहे जे माझ्याकडं नाही.

पहिला दिवस नुसता चालण्यात गेला. वाळूत पाऊल मागं सरकतं, त्यामुळं एका कोसाला दीड कोसाची मेहनत पडते. मी पोरांच्या बरोबरीनं चाललो. संगप्पा सगळ्यांच्या मागं, पाठीवर मोठी पिशवी घेऊन. त्याला धाप लागत होती. मी मनात म्हणालो, दमला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पोरांना सांगितलं, "आता पानी वाळूतूनच. गावात जाऊन मागायचं न्हाई."

पोरांनी ताटल्यांनी आणि हातांनी खणायला सुरुवात केली. वाळूत खड्डा केला की झिरपून पाणी येतं. आमच्याकडं त्याला झिरा म्हणतात. पण तो कुठंही लागत नाही. खडकाचा पट्टा जिथं पात्रात आडवा येतो, त्याच्या वरच्या अंगाला बघावं. जवळ लव्हाळा हिरवा असेल तर नक्कीच. मला ती जागा उभ्या उभ्या दिसली, वीस पावलांवर. पोरं मात्र मधोमध खणत होती. खड्ड्याचं तोंड अरुंद, त्यामुळं वाळू ढासळून परत आत.

मी संगप्पाला म्हणालो, "अहो, तिकडं हाय."

"मला बी दिसून राहिलंय. सांगू नका."

पोरांनी अकरा खड्डे केले. ऊन डोक्यावर आलं. दुकानदाराचा रेवणसिद्ध म्हणून एक पोरगा होता, अंगानं जड. तो खाली बसला. दोन तास झाले होते. मी उठलो, दोराबरोबर आणलेलं माझं फावडं घेतलं, लव्हाळ्याजवळ गेलो आणि रुंद तोंडाचा खड्डा घेतला. कोपराएवढ्या खोलीवर वाळू ओली लागली. हातभर गेलो आणि पाणी आलं. तीनदा उपसलं, चौथ्यांदा नितळ झालं.

पोरं ओरडत पळत आली. एक म्हणाला, "काका, तुम्ही तर जादूगार हायत!" दुसरा म्हणाला, "मामा पाच वर्षं आमाला नुसतं चालवून राहिले, काकांनी पाच मिनिटांत पानी पाजलं."

मी संगप्पाकडं बघितलं. तो म्हणाला, "लवकर झालं." आणि आपली पिशवी उचलून चालायला लागला.

त्या दिवशी मला भाकरी फार गोड लागली.

तिसरा आणि चौथा दिवस असाच. पोरं माझ्याभोवती चालत होती. विहिरीत सुरुंग कसा उडवतात, दगड फुटायच्या आधी कसा वाजतो, आत पहिलं पाणी लागतं तेव्हा काय वाटतं, सगळं विचारत होती. एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत होतो आणि पाणी काढून देत होतो. मागून येणारा संगप्पा एकटा पडला होता. मला त्याची कीव आली नाही. मला वाटलं, कसं वाटतं ते कळू दे. मध्येच एकदा मनात आलं, हे सत्यमनं ऐकायला हवं होतं. तो का नाही तेही लगेच आठवलं.

पाचव्या दिवशी दुपारच्या आधी आम्ही एका वळणावर थांबलो. काठावर करंजाचं झाड होतं. अकराच्या अकरा पोरं त्याच्या सावलीत जाऊन बसली. रेवणसिद्धच्या हातात रिकामी बाटली. त्याच्यासमोर दहा पावलांवर लव्हाळा उभा, हिरवागार.

मी म्हणालो, "अरे, पाणी बघा की."

रेवणसिद्ध म्हणाला, "तुम्ही काढनार हायत की, काका."

बाकीच्यांनी नदीकडं बघितलंसुद्धा नाही. एकानं टोपी तोंडावर ओढून घेतली.

संगप्पा लांब उभा होता. त्याची पिशवी उन्हात पडली होती. ती सावलीत ठेवावी म्हणून मी उचलली. जन्मभर ओझं उचललेल्याला वजन हातात कळतं. ते कपड्यांचं वजन नव्हतं. मी पिशवी उघडली. आत दहा लिटरचा कॅन, बुचापर्यंत भरलेला. त्याच्या कडेला संगप्पाची स्वतःची बाटली, कोरडी.

तो जवळ आला.

मी विचारलं, "हे काय?"

"पोरांना सापडलंच न्हाई तर असावं म्हणून."

"पहिल्या दिवसापासून वाहताय?"

"दर वर्षी. पोरांना म्हाईत न्हाई. कळलं तर खणनार न्हाईत."

"मग त्या दिवशी मी काढलं तेव्हा?"

"अजून अर्धा घंटा दिला असता. त्या रेवणसिद्धच्या ओठांवर ध्यान होतं माझं. मग कॅन काढला असता. पन काढावा लागला नसता. ते बारकं पोरगं खडकाकडं सरकून राहिलं होतं. त्याला कळलं होतं."

मला ते बारकं पोरगं आठवलं. खरंच ते खडकाकडं निघालं होतं. मी फावडं घेऊन उठलो तसं ते थांबलं होतं.

दहा किलो पाणी, पाच दिवस, वाळूतून, साठीकडं झुकलेला माणूस. त्यातला घोटही त्यानं स्वतः घेतला नव्हता. मी त्याला दमलेला समजत होतो. कष्टाचं मोजमाप मला कळतं असं मी कायम धरून चाललो होतो.

तो हळू आवाजात म्हणाला, "शेषेराव, राग धरू नका. तुम्ही आता जा."

"कुठं?"

"घरी. तुम्ही हायत तोवर ही पोरं उठनार न्हाईत. दोन दिवस राहिलेत. तेवढ्यात काही शिकली तर शिकली."

"आणि दोर?"

"खाली डोह न्हाईत आता. ठेवून जा, मी बघतो."

मी दोर ठेवला आणि निघालो. पोरं "काका, काका" करत होती. नरसीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी रागात होतो. बोलवलं कुणी, हाकललं कुणी. रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा राग उतरला आणि दुसरंच डोक्यात आलं. सत्यम असता तर त्यानं मला उठू दिलं नसतं. तो स्वतः त्या खडकापर्यंत गेला असता. पाच वर्षं त्यानं त्यासाठीच काढली होती, आणि त्याच्या जागेवर मी जाऊन पाणी वाटत बसलो होतो.

नांदेडची गाडी आली. तिनं गेलो असतो तर संध्याकाळी कंधारला घरी असतो. मी ती सोडली. मुखेडची घेतली आणि तिथून लातूर गाठलं.

सत्यम खोलीत चौघांबरोबर खाली बसून गणितं सोडवत होता. मला बघून उठला. आधी त्याला माझे पाय दिसले.

"दादा, ही वाळू कुठली?"

"मन्याडची."

तो बाहेर आला. आम्ही जिन्यावर उभे राहिलो.

"तुम्ही गेलात?"

"संगप्पानं दोर धरायला बोलावलं."

"किती दिवस?"

"पाच."

त्याच्या तोंडावर जे आलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. सहा वर्षं ते मी स्वतःच्या आत सांभाळलं होतं.

"पानी कुणी काढलं?"

"मी."

"सगळं?"

"सगळं."

"मग पोरांनी काय केलं?"

"बसली."

तो एकदम म्हणाला, "तुम्ही जायला नको होतं, दादा."

"हाव. म्हणून मला हाकललं."

"मामांनी?"

"मामांनी."

"बरं केलं," तो म्हणाला आणि हसला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच हसला असावा. मलाही हसू आलं, पण बेतानं.

मी म्हणालो, "दोन दिवस राहिलेत. सकाळी मुखेडवरून बिलोलीला जाणारी गाडी हाय. नरसीला उतर आणि नदीला लाग. पोरं दुपारपर्यंत तिथंच खालच्या अंगाला असतील."

"रविवारी क्लासची परीक्षा हाय."

"हाय तर हाय."

"मागं पडलो तर?"

"पड."

त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मी थट्टा करत नाही हे त्याला पटलं असावं. तो आत गेला आणि पिशवी भरायला लागला. खोलीतल्या एका पोरानं विचारलं, "काय रे, घरी कोन वारलं का?" सत्यम म्हणाला, "न्हाई, सुट्टी हाय."

सकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. त्याला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर दार लावत होता तेवढ्यात सत्यमनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"दादा, वाळूत पानी नेमकं कुठं बघायचं असतं?"

एवढ्या वर्षांत माझ्या कामातलं त्यानं मला विचारलेलं हे पहिलंच. खडक, लव्हाळा, रुंद तोंड, तीनदा उपसा, सगळं माझ्या ओठांवर आलं. एका मिनिटाचं काम होतं. माझ्याएवढं नीट त्याला कुणीच सांगू शकलं नसतं, संगप्पासुद्धा नाही.

मी म्हणालो, "गाडी सुटतीय. हात आत घे."

त्यानं हात आत घेतला. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभा होतो. पुढचे दोन दिवस संगप्पा त्याच्या मागून चालणार होता, आणि मी परत त्याच्यावर जळत होतो. मग मी कंधारच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडं गेलो.